डॉक्टरांची इटालियन सायकल आणि मृणालचं लग्न

हार्डवेअरच्या दुकानात एक डबा असतोच. कुठल्याच मापात न बसणारे नट, जोडीदार हरवलेले स्क्रू, बिजागरीची उरलेली एक पट्टी, असलं सगळं त्यात पडत जातं. टाकवत नाही, विकलं जात नाही. डबा भरला की आपण दुसरा ठेवतो. आमच्या जुन्या सायकलींच्या मंडळाचे किस्से माझ्याकडं असेच साचले आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की एखादा काढतो, फिरवून पाहतो, एकटाच हसतो आणि परत टाकतो.

नुसते हसण्याचेच असते तर मी ते डब्यातच राहू दिले असते. पण या सायकलींच्या नादात आमच्या डॉक्टरांच्या मुलीचं ठरलेलं लग्न अडकलं, आणि ते सोडवायला मला मध्ये पडावं लागलं. म्हणून सांगतो.

मी वर्ध्याला लागून सिंदी मेघेत दुकान चालवतो. शाळेनं मला आणि मी शाळेला लवकरच सोडलं. पुढचं सगळं लोखंडानं शिकवलं. त्यामुळे शिकलेली माणसं लोखंडाच्या प्रेमात पडली की मी खुर्ची ओढून बसतो. असा तमाशा फुकट पाहायला मिळत नाही.

*

मंडळ काढलं डॉ. कापसे यांनी. दातांचे डॉक्टर. हात असा हलका की दात निघाल्याचं माणसाला घरी जाऊन कळतं. पण त्यांच्या स्वतःच्या डोक्यात काही शिरलं, तर ते उपटायला चिमटा नाही.

इंटरनेटवर बघून बघून त्यांनी एक जुनी इटालियन रेसिंग सायकल मागवली. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, खालच्या दांडीवर गिअरचे दोन खटके, आणि सीट अशी टणक की तिच्यावर चटणी वाटून घ्यावी. पहिल्या दिवशी ती घेऊन ते माझ्या दुकानासमोर थांबले. शेजारी गजूचं वेल्डिंगचं दुकान आहे. गजू चष्मा वर करून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हँडल उलटं बसवलं जी कोणं तरी. द्या, सरळ करून देतो."

डॉक्टर चिडले नाहीत. रेसवाले लोक खाली वाकून बसतात, मग वारा कसा कापला जातो, वेग कसा वाढतो, हे त्यांनी त्याला नीट समजावलं. गजूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण तुम्हाले कुठं एवढं लवकर पोचायचं आहे?"

मंडळाचे नियम तीन. सायकल लोखंडी पाहिजे. गिअरचे खटके खालच्या दांडीवर पाहिजेत. आणि तिसरा नियम, ज्यानं पुढचा सगळा घोटाळा केला, तो असा की सायकलीवरची प्रत्येक वस्तू सायकलीच्या जन्मसालातलीच पाहिजे. जी वस्तू त्यानंतर लागली, ती 'नंतरची'. आमच्या मंडळात कोणाला चोर म्हटलेलं चालतं. त्याच्या सायकलीचा नट नंतरचा आहे असं म्हटलेलं चालत नाही.

मला मंडळात घेतलं ते माझ्या अकलेसाठी नाही. भंगारवाल्याकडं मला तशीच एक वाकड्या हँडलची सायकल मिळाली होती. ती मी घासायला काढली, तेवढ्यात डॉक्टर दुकानात आले आणि त्यांनी माझा हातच धरला.

"शेठ, घासू नका. तो गंज नाही. पॅटिना आहे. जुनेपणाची झळाळी."

"डॉक्टरसाहेब, माझ्या दुकानात ज्या पाइपाला असा पॅटिना येते, तो मी भंगारात देतो."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं ते गुटखा खाणाऱ्या पेशंटकडं पाहतात. पण सदस्य केलं.

*

तिसरा मुख्य गडी म्हणजे बोकडे सर. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वारा कुठून येतो हे त्यांना नेहमी माहीत असतं, आणि तो नेहमी समोरूनच येतो.

सरांनी कुठंतरी वाचलं की जुन्या काळचे रेसवाले लोकरीचा सदरा घालत. झालं. मार्च संपत आलेला, वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि सर सकाळी लोकरीचा लाल सदरा घालून हजर. "लोकर घाम शोषून घेते, शेठ. शरीर थंड राहते. सायन्स आहे."

परतताना रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवालीनं सरांकडं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग चहा ठेवायचं सोडून आतून खाट ओढून आणली.

"निजा भाऊ जरासे," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून हळूच, "थंडी वाजून ताप आला दिसते यायले. अशात सायकल काऊन चालवू दिली जी तुम्ही?"

सर खाटेवर बसले. सायन्स समजावून सांगायची ताकद राहिली नव्हती.

*

आता फोटोचं ऐका. आमच्या सहलींत चालवणं कमी आणि थांबणं जास्त. जुनी भिंत दिसली की थांबा. जुना दरवाजा दिसला की थांबा. सायकल भिंतीला टेकवायची आणि तिचा फोटो काढायचा. सायकलीचा. माणूस मध्ये आला तर त्याला बाजूला व्हायला सांगतात.

त्या फोटोचंही शास्त्र आहे. साखळीची बाजू कॅमेऱ्याकडं पाहिजे. पॅडलचा दांडा जमिनीला समांतर पाहिजे. हवा भरायची नळी बरोबर खाली पाहिजे, दोन्ही चाकांची. हे जमवायला डॉक्टर जेवढा वेळ घेतात, तेवढ्यात ते कोणाचीही अक्कलदाढ काढतात.

एकदा आम्ही बऱ्याच दूर गेलो. घरी यायला निघालो, निम्मा रस्ता आलो, आणि डॉक्टर मोबाइल बघत एकदम थांबले. फोटो डाव्या बाजूनं निघाले होते. साखळी दिसतच नव्हती. आम्ही सगळे वाऱ्याच्या तोंडाला परत गेलो, तीच भिंत, त्याच सायकली, उजव्या बाजूनं.

त्या भिंतीच्या मालकानं आम्हाला सकाळीही पाहिलं होतं. दुसऱ्यांदा आलेलं पाहून तो कंदील पुसत पुसत बाहेर आला.

"विकायले काढल्या काय जी सायकली?"

"नाही, नाही. का?" डॉक्टर म्हणाले.

"दोनदा फोटो काढले म्हनून विचारलं. माह्या जावयानं म्हैस विकली तवा असेच काढलते. पन त्यानं पुसून घेतलं होतं तिले."

*

अल्लीपूरची सहल. गावाच्या तोंडाशी डॉक्टरांचं मागचं चाक बसलं. तिथं एक पंक्चरवाले चाचा होते. भला माणूस, लगेच हातातलं काम ठेवून पान्हा घेऊन आला. टायर इकडून दाबून पाहिलं, तिकडून दाबून पाहिलं.

"ट्यूब कुठं आहे?"

"टायरच्या आत शिवलेली असते," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद आला, तो पंक्चर झालेल्या माणसाचा नव्हता. "रेसिंगचं टायर आहे, चाचा. चाकाले गोंदानं चिकटवलेलं."

"मग पंक्चर कसं काढतेत?"

"टायर सोडवायचं, शिवण उसवायची, ठिगळ लावायचं, परत शिवायचं. मग गोंद लावायचा आणि रात्रभर सुकू द्यायचं."

चाचांनी पान्हा खाली ठेवला. जरा विचार केला.

"मग साहेब," ते म्हणाले, "तुम्हाले पंक्चर काल पाहिजे होतं."

*

बोकडे सरांच्या ब्रेकचे रबर सायकलीबरोबर जन्मलेले. म्हणजे आता त्यांचा दगड झालेला. मी त्यांना कितीदा म्हटलं, सर, नवीन रबर लावा, माझ्याकडचे घ्या, भेट समजा. सर म्हणत, "सायकल थांबते शेठ. फक्त तिला आधी सांगावं लागते."

एका सहलीत ते सांगायचं राहिलं. पुलाकडं उतरणारा रस्ता होता. सर आमच्या पुढं होते, मग फारच पुढं गेले, मग दिसेनासे झाले. आम्ही ब्रेक लावत लावत खाली पोचलो तर सर नाहीत, सायकल नाही. पुलाखाली वाकून पाहिलं. डॉक्टरांचं तोंड पांढरं पडलं.

शोधत शोधत एका घराच्या उघड्या फाटकाशी आलो. आत मांडव. तेरवीचं जेवण चाललं होतं. पंगतीच्या टोकाला, लाल लोकरीच्या सदऱ्यात, आमचे सर. पुढ्यात पत्रावळ, हातात भजं. सर फाटकातून थेट आत गेले होते आणि गवताच्या गंजीत थांबले होते. इतक्या घाईनं आलेला माणूस म्हणजे कोणी जवळचाच असणार, असं समजून घरच्यांनी त्यांना हात धरून बसवलं होतं.

"सर, चला," डॉक्टर फाटकातूनच म्हणाले.

सरांनी बोटानं थांबा असं केलं. शेजारी वाढणारी बाई डोळे पुसत म्हणत होती, "जेवू द्या जी त्यायले. मामाजीवर लय जीव होता वाटते यायचा."

*

आता लग्नाकडं येतो.

डॉक्टरांची मुलगी मृणाल आणि नागपूरच्या धोट्यांचा निखिल पुण्यात एकाच ऑफिसात. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, दोघांच्या आयांचं फोनवर बोलणं झालं, पाहायचं ते सगळं पाहून झालं. वडलांनी समोरासमोर बसून तारखेचं बोलायचं, एवढंच राहिलं होतं. त्यात डॉक्टरांना कळलं की निखिलचे वडील सुधाकरराव धोटे, निवृत्त इंजिनिअर, नागपुरातल्या जुन्या सायकलींच्या मंडळाचे प्रमुख आहेत. डॉक्टर आठवडाभर जमिनीवर नव्हते. "शेठ, व्याही नाही मिळत असा. शोधून सापडत नाही."

बैठकीला त्यांनी मलाही बोलावलं. धोटे कुटुंब आलं. उंच, वाळका माणूस, बोलणं मोजकं. घरात पाऊल टाकायच्या आधीच त्यांना पडवीतली इटालियन सायकल दिसली. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि खिशातून भिंग काढलं. माणूस सून पाहायला आला होता आणि खिशात भिंग घेऊन आला होता!

आत पोहे वाढून झाले, निवत आले. डॉक्टर दारात उभे, पहिल्या नंबराची बातमी ऐकायला आलेल्या पोरासारखे. धोटे उठले, गुडघे झटकले.

"फ्रेम सुंदर आहे. गिअर बरोबर आहेत. ब्रेकचे लिव्हर नंतरचे आहेत."

"नंतरचे म्हणजे?"

"म्हणजे सायकल झाल्यावर दोन-तीन वर्षांनी निघालेले. कोणीतरी बदलले."

"कोणीही बदलले नाहीत," डॉक्टर म्हणाले. आवाज असा, की जणू धोट्यांनी मृणालबद्दल काही काढलं. "ओरिजिनल आहेत."

"आतल्या बाजूचा छाप पाहा ना तुम्ही. मी काय उगाच म्हणून राह्यलो?"

"तुम्ही स्वतः किती चालवता सायकल?"

"मी चालवत नाही. मी जपतो."

"मग तुम्ही सायकलवाले नाही धोटेसाहेब. चौकीदार आहात."

यावर धोट्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि बायकोला म्हणाले, "चला." त्या बिचाऱ्या पोह्याची बशी हातात घेऊन अर्ध्या उठलेल्या. मृणालची आई मागं धावली, "अहो, पोरांचं बोलायचं राहिलं ना."

"आधी यायले लिव्हरचं मान्य करू द्या," धोटे गेटातून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला मृणालचा फोन. "काका, निखिलमध्ये खोट निघाली असती तर मी समजू शकले असते. ब्रेकमध्ये निघाली म्हणून मी बिनलग्नाची राहू काय?"

*

मी नागपूरला इतवारीत माल घ्यायला जातोच. परतताना धोट्यांच्या घरी वाकडी वाट केली. हॉलमध्ये सायकली, जिन्यात सायकली. बेडरूममध्ये एक, पांघरूण घालून. बाहेरच्या एका हँडलवर वहिनींनी पापड वाळत घातले होते. तेवढीच एक सायकल मला कामाची वाटली.

धोटे म्हणाले, "मी खोटं बोलू काय शेठ? पोराच्या लग्नासाठी नंतरच्या लिव्हरले ओरिजिनल म्हणू? उद्या मंडळातले सगळे विचारतीन मले."

"सगळे म्हणजे किती लोक असतील जी?"

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, आणि भिंग पुसायला घेतलं.

वहिनी चहा ठेवताना म्हणाल्या, "भाऊ, या घरात मीही नंतरचीच आहे. अजून मले कोणं भिंग लावलं नाई, एवढं नशीब."

इकडं डॉक्टरांचं म्हणणं, फोन मी काऊन करू? ते उठून गेले, त्यांनी करावा. तिकडं धोट्यांचं म्हणणं, चौकीदार मले म्हटलं, मी काऊन करू? दिवस जात होते. मृणाल पुण्याहून आईला फोन करायची आणि बाप शेजारी असला की काही न बोलता ठेवायची. निखिलनं एकदा मला विचारलं, "काका, रजिस्टर पद्धतीनं करून टाकू काय?" मी म्हटलं थांब. आई-बापाचे फोटो नसलेला लग्नाचा अल्बम पुढं फार टोचतो.

व्यापारात असं रोज होतं. माल पसंत, घेणारा तयार, देणारा तयार, आणि भाव कोणी बोलत नाही, कारण आधी बोलेल तो पडेल. अशा वेळी दोघांना एकमेकांवर सोडायचं नाही. तिसऱ्याच कशावर तरी सोडायचं. मी दोघांना निरोप दिला. गिरडला दर्ग्याच्या टेकडीचा चढ आहे. दोघांनी आपापली सायकल आणायची, एकदम चढायचं. ज्याचा पाय आधी जमिनीला लागेल, त्यानं दुसऱ्याला फोन करून तारखेचं बोलायचं. लिव्हरचा विषय काढायचा नाही.

दोघेही लगेच तयार झाले. आपला पाय लागणार नाही याची दोघांनाही खात्री होती. एकाला आपल्या पायांवर भरवसा, दुसऱ्याला आपल्या सायकलीवर.

*

गिरडला आम्ही कसे गेलो? माझ्या मालाच्या टेम्पोनं. सायकली गोधड्यांत गुंडाळून आत, सायकलस्वार पुढं बसलेले. सायकलीनं एवढ्या दूर गेलं तर सायकल झिजते, यावर वर्धा आणि नागपूर या दोन्ही मंडळांचं एकमत निघालं. पहिलंच. मृणाल आणि निखिल पुण्याहून आले होते, ते निखिलच्या गाडीतून मागं आले.

टेकडीच्या पायथ्याशी सायकली उतरवल्या. मग नुसती तयारी. डॉक्टरांनी मोज्यांच्या घड्या सारख्या केल्या. धोट्यांनी पांढरे हातमोजे काढले आणि त्याच मोज्यांनी सीट पुसली. बोकडे सर पंच. त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला. समोरून होता.

या सायकलींच्या पॅडलचं सांगायला पाहिजे. पॅडलवर लोखंडी पिंजरा असतो, त्यात बूट घालायचा आणि कातडी पट्टा आवळायचा. पाय पॅडलला बांधला जातो. उतरायचं असलं की आधी खाली वाकून पट्टा सैल करायचा, मग पाय काढायचा. आणि यांचे गिअर सपाट रस्त्यावर पळण्यासाठी केलेले, चढासाठी नाही. त्या दिवशी दोघांनी पट्टे असे आवळले की चुकूनसुद्धा पाय सुटू नये.

निघाले. पहिल्या वळणापर्यंत ठीक होते. दुसऱ्या वळणावर डॉक्टरांच्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. धोट्यांची मान छातीत शिरली. मी टेम्पोतून मागं मागं होतो. टेम्पो पहिल्या गिअरमध्येही त्यांना भारी पडत होता. चादर घेऊन चढणाऱ्या बायांचा एक घोळका चालत त्यांच्या पुढं निघून गेला.

शेवटी सायकली इतक्या हळू झाल्या की चालतात की उभ्या आहेत ते कळेना. डॉक्टर डावीकडं झुकले, धोटे उजवीकडं. हँडलला हँडल लागलं. आणि दोघेही, घाई नाही, गडबड नाही, भिंत कलंडावी तसे एकमेकांवर आडवे झाले. चाकं वर, माणसं खाली, पाय पॅडललाच बांधलेले.

बोकडे सर धावले. वाकून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"पाय कोणाचाच टेकला नाही," त्यांनी निकाल दिला. "डॉक्टरांचा खांदा टेकला आहे. यांची कंबर आणि कान."

"अट पायाची होती," डॉक्टर खालूनच म्हणाले.

"पायाचीच होती," धोटे म्हणाले. दुसरं एकमत.

मृणाल गाडीतून उतरून तिथं येऊन उभी राहिली होती. तिनं बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला तर मान खाली घालावीशी वाटली. वरून त्या चादरवाल्या बायांपैकी एक ओरडली, "उचला ना त्या बुढ्यायले, पाहून काय राह्यले?"

निखिलनं पट्टे सोडवले. दोघांना उठवून बसवलं. लागलं कोणालाच नव्हतं, सायकलींनाही नाही. फक्त धोटे तोंडावर हात धरून बसले. हात बाजूला केला तर वरचा समोरचा दात नाही.

दात मृणालला सापडला, रस्त्याच्या कडेला. तिनं तो बापाच्या हातात दिला. डॉक्टरांनी तो बोटांत धरला, उन्हाकडं केला, उलटा केला, सुलटा केला. धोट्यांच्याच पडलेल्या भिंगातून पाहिला.

"हा," डॉक्टर म्हणाले, "नंतरचा आहे."

धोट्यांनी मान फिरवून डोंगराकडं पाहिलं. खोटा दात. निखिलला माहीत नव्हतं. वहिनींना माहीत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

*

परत येताना टेम्पोत धोटे तोंडावर रुमाल धरून बसले, डॉक्टर खिडकीबाहेर बघत. आणि घरी आल्यावर कळलं की दात डॉक्टरांच्या खिशातच राहिला आहे.

मी म्हटलं, पाठवून देतो. डॉक्टर म्हणाले, "मागू द्या." मृणालची आई बोलली, मृणाल बोलली, "बाबा, त्यांचा दात देऊन टाका ना." एकच उत्तर, मागू द्या. मी व्यापारी माणूस, माल अडवून धरलेला फार पाहिला, पण व्याह्याचा दात अडवून धरलेला पहिल्यांदा पाहिला. तिकडं धोट्यांनी बाहेर पडणं बंद केलं होतं. मंडळाच्या बैठकीला गेले नाहीत. वहिनी सांगत होत्या, आरशासमोर ओठ मिटून हसायची प्रॅक्टिस करतात म्हणे.

नंतर एका सकाळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात, खुर्चीत आडवा. दाढ भरायची होती. तोंडात कापूस, जबडा वासलेला. डॉक्टरांचा फोन वाजला. हातात मोजे होते, म्हणून नर्सनं स्पीकरवर लावला.

"हॅलो. धोटे बोलून राह्यलो. नागपूर."

डॉक्टरांचा हात माझ्या तोंडातच थांबला. "बोला."

"तो... ते... तुमच्यापाशी आहे ना?"

"आहे. जपून ठेवला आहे. पण तो आता बसत नाही, धोटेसाहेब. नवीन करावा लागेल."

पलीकडचा आवाज जरा खाली आला, "तुम्हीच करून द्याल?"

"या ना. कधीही या."

"रविवारी येतो. निखिलच्या आईले घेऊन येतो." पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "पोरायच्या तारखेचंही पाहून घेऊ मग. काय म्हणता?"

डॉक्टरांनी मान वर केली. डोळे ओले झाले असावेत. मला खालून नीट दिसत नव्हतं आणि बोलता तर येतच नव्हतं. "हो," ते म्हणाले. "पाहून घेऊ. मृणालच्या आईले सांगतो. जेवायलेच या." मग एकदम धंद्याच्या आवाजात, "दाताचा रंग कसा ठेवू? हल्ली लोक एकदम पांढरे लावतात."

"छे छे. पांढरा नको. बाकीच्या दातायसारखाच पाहिजे, जुना. नवीन लावला हे कोणाच्या लक्षात नाई आलं पाहिजे."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कापसासकट त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी फोनजवळ तोंड नेलं.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "कोणत्या सालचा करू?"